तीन बोटं तोंडात जातात का?

दहावीच्या वर्गात आम्ही एका मुलाला धडा मोठ्यानं वाचायला सांगितला. मुलगा हुशार, पण शब्द तोंडातल्या तोंडात राहत होते. आम्हाला वाटलं, लाजतोय. मधल्या सुट्टीत जवळ बोलावून म्हटलं, "बेटा, तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून दाखव." दोनच गेली, तीही कशीबशी. घरी अम्मी समजत होती, अक्कलदाढ येतेय.

आपल्याकडे दातांच्या डॉक्टरकडे जायचं ते रात्रभर लवंग धरूनही ठणका थांबला नाही तर. दाढ काढली, किस्सा खतम. पण त्यांचं काम आता तेवढंच राहिलेलं नाही. दुखायच्या आधी अख्खं तोंड तपासणं हे त्यातलं मोठं काम झालंय.

या मुलाचंच घ्या. सुपारीतल्या अरेकोलीन नावाच्या द्रव्यामुळे गालाच्या आतलं मऊ अस्तर तंतू साचून कडक, पांढुरकं होत जातं. आधी सालन तिखट लागतं, तोंडाची आग होते. मग गाल ताणला जात नाही. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आलेला कडकपणा सहसा पूर्ण जात नाही. पुडी सुटली, तोंडाचे व्यायाम आणि औषधं वेळेत सुरू झाली, तर बराच फरक पडतो. काहींना पुढे कर्करोग होतो, म्हणून पुडी सोडल्यावरही तपासणी सोडायची नाही.

महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे. पुडी कुठं मिळते, ते नांदेड-लातूरच्या कुठल्याही पोराला विचारा! "आमचा तंबाखू नाही खात, नुसती सुपारी खातो," असं पालक आम्हाला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय.

दुसरी गोष्ट घरातल्या मोठ्यांची. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात हे माहीत होतं. उलटंही खरं आहे: हिरड्यांची सूज शुगर वाढवते. 2022 मध्ये कॉक्रेनने 35 अभ्यास एकत्र तपासले. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, साधारण 0.43 ने उतरली होती. गोळ्या बंद कराव्यात असा याचा अर्थ नाही. पण अब्बांच्या हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते दातांच्या डॉक्टरला दाखवा, आणि शुगरच्या डॉक्टरलाही सांगा.

लहान मुलांचे किडलेले दुधाचे दात प्रत्येक वेळी कोरावे लागत नाहीत. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून कीड जागीच थांबवता येते. किडलेला भाग काळा पडतो एवढंच. 2021 मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आलं.

मिस्वाक आम्हीही करतो. त्यानं दात साफ होतात, गालाच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी शिकणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तपासतात, खर्चही खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो.

त्या मुलाला आता वालिदच तपासणीला नेतात. आमच्या भाचीचा निकाह पुढच्या महिन्यात आहे. दावतीनंतर थाळीत फिरणारी गोड सुपारी या वेळी नको, फक्त बडीशेप ठेवा, असं आम्ही सांगितलंय. दोन मामू नाराज आहेत.