हलव्याचे दागिने : मापाने घडणारी भेट

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून माघ शुद्ध सप्तमीपर्यंतच्या दिवसांत महाराष्ट्रातील अनेक घरांत जी भेट अजूनही हाताने घडवली जाते, ती म्हणजे हलव्याचे दागिने. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला चंद्रकळा, म्हणजे काळी साडी, नेसवून तिच्या अंगावर हे दागिने घालतात आणि जावयाला हलव्याचा हार व नारळ देतात. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे बोरन्हाण करताना, म्हणजे बोरे, उसाचे करवे, चुरमुरे आणि हलवा त्याच्या डोक्यावरून ओतून त्याचे कौतुक करताना, त्याच्यासाठी मुकुट, कडी आणि बासरी घडवतात. काळ्या कापडावर पांढरा हलवा उठून दिसतो आणि थंडीच्या दिवसांत काळे वस्त्र ऊब धरते, त्यामुळे एरवी सणाला वर्ज्य मानलेला हा रंग या सणाला मानाने अंगावर येतो.

या दागिन्यांचा कच्चा माल म्हणजे काटेरी हलवा, आणि खरी कसोटी त्याचीच असते. तीळ, साबुदाणा, खसखस किंवा लवंग यांपैकी जे बी म्हणून घ्यायचे ते हलके भाजून परातीत पसरतात आणि परात अगदी मंद आचेवर ठेवतात. साखरेच्या पाकात थोडे दूध घातले की मळी, म्हणजे साखरेतील गाळ, फेसासारखी वर येते. ती काढून पाक जेमतेम एकतारी, म्हणजे दोन बोटांत धरून ताणला असता एकच तार धरेल इतका, होऊ देतात. मग चमचाभर पाक दाण्यांवर सोडायचा, तो पुरता सुकेपर्यंत बोटांनी दाणे हलवत राहायचे, आणि त्यानंतरच पुढचा चमचा घालायचा. पाक जास्त पडला तर दाण्यांचे गोळे होतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते, आणि परातीच्या तळाशी साठलेली साखरेची भुकटी वेळोवेळी चाळून परात धुतली नाही तर काटा नीट उठत नाही. हे काम दोन-चार दिवस थोडे थोडे करावे लागते, आणि संक्रांतीच्या सुमाराची कोरडी, थंड हवा त्याला मानवते.

काटा कसा येतो, याचे एक स्पष्टीकरण असे की दाणा परातीला उंचवट्यावर टेकतो, पाक त्या टोकालाच अधिक लागतो आणि तिथेच सुकतो, त्यामुळे टोके वाढत जातात आणि खोलगट भाग मागे राहतात. जपानमधील कोंपेइतो ही साखरेची गोळी याच रीतीने बनते, आणि तिच्या शिंगांचे कोडे तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञालाही लिहिण्याजोगे वाटले होते.

हलव्याचा दाणा सुईने ओवता येत नाही, कारण आतले बी टणक असते आणि साखर तडकते. म्हणून दुहेरी दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून गाठ आवळतात, आणि ज्या काट्यासाठी एवढा खटाटोप केला तोच काटा दोरा निसटू देत नाही. या सरांतून मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा आणि बिंदी घडतात. रुंद दागिन्यांसाठी पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावून त्यावर दाणे बसवतात. मंगळसूत्रात हलव्याच्या जोडीला काळे मणी येतात.

बाजारात तयार संच सहज मिळतात, आणि ज्या घरात दिवसभर घराबाहेर राहणारी माणसे आहेत तिथे हलवा विकत आणण्यात काहीच उणेपणा नाही. पण गुंफण घरीच व्हावी, हा आग्रह मात्र रास्त आहे, कारण बाजूबंद सुनेच्या दंडाच्या मापाचा आणि मुकुट बाळाच्या डोक्याच्या मापाचा हवा, आणि ते माप घरच्यांनाच ठाऊक असते. सासू, नणंद, आजी आणि शेजारीण एकाच सतरंजीवर बसून सर बांधतात, तेव्हा सुनेला मिळणाऱ्या भेटीला त्या सगळ्यांचे हात लागलेले असतात. तयार संचात ही गोष्ट कितीही पैसे मोजले तरी येत नाही.

दागिने बांधून झाल्यावर ते हवाबंद डब्यात ठेवावेत, कारण दमट हवेत साखरेला पाणी सुटते, काटे झिजतात आणि दोराही चिकट होतो. कोकणात व मुंबईत ही काळजी विशेष घ्यावी लागते. तान्ह्या बाळाच्या दागिन्यांत तार किंवा टाचणी अजिबात वापरू नये आणि गळ्यातला सर सैल ठेवावा. बोरन्हाणाच्या वेळी सुटे दाणे घशात अडकण्याची भीती असते, म्हणून बाळाला कोणीतरी जवळ घेऊन बसावे आणि खाली पडलेला खाऊ भोवती जमलेल्या मोठ्या मुलांना लगेच लुटू द्यावा.