काचनळीतली वीस मिनिटं

“फुरसं चावलं, गावठी औषध दिलं, दुसऱ्या दिवशी माणूस परत शेतात!” आंबोली-सावंतवाडीकडे ही गोष्ट कुणी ना कुणी सांगतंच. ती बहुधा खरीही असते. गैरसमज आहे तो तिच्यातून काढलेल्या अर्थात. पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि फुरशासारखा विषारी साप चावला तरी दरवेळी विष अंगात जातंच असं नाही. असा माणूस औषधाशिवायही वाचला असता. औषध किती जणांना दिलं, त्यातले किती दगावले, न देता किती वाचले, हे कुणी मोजलेलंच नसतं. (दंश झाला की थेट रुग्णालय गाठायचं, यात वाद नाही.) वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना संशोधन शिकवायचं म्हणजे आधी हे प्रश्न विचारायला शिकवायचं, वैदूलाच कशाला, वॉर्डात राउंड घेणाऱ्या सरांनाही.

‘संशोधनाला मुंबई-पुण्याची प्रयोगशाळा लागते’ हा समज कोकणानेच खोटा पाडला आहे. रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांसमोर लाल विंचू चावलेले रुग्ण येत. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, आणि मग हृदयावर घाला. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी हा क्रम टिपला, आणि १९८२ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने गंभीर रुग्णांमधले मृत्यू सुमारे तीस टक्क्यांवरून एक टक्क्यापर्यंत उतरले.

मला मात्र त्यापुढची गोष्ट जास्त शिकवण्याजोगी वाटते. ज्या गोळीने नाव दिलं, तिलाच त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह महाडमध्ये परीक्षेला बसवलं. सत्तर रुग्ण; निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना सोबत विंचवाचं प्रतिविष. कोण कुठल्या गटात, हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. दहा तासांत प्रतिविषाच्या गटातले पस्तीसपैकी बत्तीस जण बरे झाले, नुसत्या गोळीवरचे फक्त आठ. हा अभ्यास २०११ मध्ये ‘बीएमजे’त आला.

‘संशोधन डॉक्टरांचं, सिस्टरांनी फक्त नोंदी ठेवाव्यात’, असंही ऐकू येतं. पण नोंद चुकली तर उरतं काय? फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते तपासायला दोन मिलीलिटर रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करून पाहतात. नळी कोरी, कोरडी आणि काचेचीच हवी. प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर धडधाकट माणसाचंही रक्त गोठेलच असं नाही आणि निदान फसतं. मोजमाप विश्वासार्ह कसं ठेवायचं, याचा याहून चांगला धडा पुस्तकात मिळणार नाही, आणि ही नळी बहुतेकदा सिस्टरांच्याच हातात असते. बी.एस्सी. नर्सिंगला संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय आहे, गटाने करायचा प्रकल्पही आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तर १८५८ मध्येच सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे आकृत्यांत मांडून सरकारपुढे ठेवले होते.

‘हे सगळं एम.डी.ला गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांचं छोटं संशोधन करू देणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे.

सगळ्यांत चिवट गैरसमज प्रबंधाचा. ‘औषधाचा उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष आला की विद्यार्थी हिरमुसतो, आणि कधी कधी मार्गदर्शकच आकडे ‘पुन्हा बघायला’ सांगतो. खरं तर नीट आखलेल्या अभ्यासातलं ‘नाही’ हेही उत्तरच आहे. असे नकार फायलीत गडप झाले, तर पुढचा डॉक्टर तेच निरुपयोगी औषध देत राहतो. म्हणून औषधाची चाचणी पहिला रुग्ण घेण्याआधीच सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवावी लागते, मग ती एम.डी.च्या प्रबंधासाठी का असेना. मागाहून नोंद करण्याची सोय १ एप्रिल २०१८ पासून बंद झाली आहे.