दुसऱ्या बासरीकडे कान द्यावा

पाश्चात्य संगीत म्हटलें कीं पन्नास-साठ वादकांचा ताफा आणि त्यांच्यापुढें छडी हालविणारा संचालक, हेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभें राहतें. त्या संगीताचा एक अगदीं घरगुती भाग मात्र सहसा कोणाच्या कानांवर जात नाहीं. दोन माणसें, दोन आडव्या बासऱ्या आणि साथीला कोणी नाहीं, एवढ्याच सामग्रीवर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोपांत पुष्कळ रचना झाल्या. सुमारें १६०० ते १७५० हा जो काळ बरोक या नांवानें ओळखला जातो, त्याच्या उत्तर भागांतील हें दिवाणखान्यांतील संगीत. तें ऐकावयास सोपें वाटतें, आणि तेथेंच श्रोता फसतो. गोड आहे, शांत आहे, असें म्हणून तो वर्तमानपत्र उघडतो, आणि जें ऐकावयाचें तें निघून जातें.

फ्रेंच दरबारचा वादक मिशेल द ला बार यानें १७०९ सालीं खर्जाची साथ न घेतां दोन बासऱ्यांनींच वाजवावयाच्या रचना पॅरिस येथें छापल्या. त्या काळीं ही गोष्ट धीटपणाचीच होती. बरोक संगीताची सारी उभारणी खालच्या स्वरांच्या ओळीवर असे. चेलोसारखें वाद्य ती ओळ वाजवी आणि हार्पसिकॉर्डवाला तिच्यावर स्वरसमूह भरी. ती ओळच काढून टाकणें म्हणजे पाया काढून घेऊन वरचा मजला तसाच उभा ठेवण्यासारखें होतें. पण घरोघर हौशी वादक तयार होत होते. ओत्तेतेर याचें बासरी शिकविणारें पुस्तक १७०७ मध्यें निघालेंच होतें. हार्पसिकॉर्ड सर्वांच्या घरीं कोठून असणार? पुढें बुआमोर्तिए या रचनाकारानें तर कोणाच्या पदरीं न राहतां अशा छापील संगीताच्या विक्रीवर चांगला पैसा मिळविला.

तें वाद्य आजच्या चांदीच्या फ्लूटसारखें नव्हे. तें लाकडी, क्वचित् हस्तिदंती असे. बोटांखालीं सहा छिद्रें आणि करंगळीसाठीं एकच चावी. आपल्याकडील साध्या बासरीलाही सहाच छिद्रें असतात. पण आपला वादक छिद्र अर्धें झांकून मधला स्वर काढतो, तर हा वादक एक छिद्र उघडें ठेवून त्याच्या खालचीं झांकतो. असा काढलेला स्वर किंचित् दबलेला, पडद्याआडून आल्यासारखा लागतो. थिओबाल्ड ब्योम यानें १८४७ सालीं नव्या बांधणीची फ्लूट तयार केली आणि सारे स्वर एकसारखे खणखणीत झाले. सुधारणा झाली हें खरें. परंतु जुन्या रचनांतील छायाप्रकाश तिनें पुसून टाकला, असेंही म्हणावें लागेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बेल्जममधील बार्तोल्ड कॉइकेन यांच्यासारख्या वादकांनीं लाकडी बासरी पुन्हां हातीं घेतली, ती याचसाठीं.

या सर्व रचनांत पहिला मान टेलेमान याला द्यावा लागतो. १६८१ मध्यें माग्देबुर्ग येथें जन्मलेला हा जर्मन रचनाकार १७२१ पासून १७६७ त मृत्यु येईपर्यंत हँबुर्ग शहराचा संगीताधिकारी होता. आपल्या कित्येक रचनांचे छापण्याचे पत्रे तो स्वतःच्या हातानें कोरीत असे. १७३८ मध्यें पॅरिसच्या मुक्कामांत त्यानें सहा सोनाटांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. प्रत्येक सोनाटाचे तीन भाग, असे एकंदर अठरा भाग. त्यांची मौज अशी कीं कागदावर स्वरांची ओळ एकच आहे. पहिल्यानें ती वाजवूं लागावें. तालाचा एक लहानसा खंड झाला म्हणजे दुसऱ्यानें तीच ओळ, त्याच स्वरांत, आरंभापासून घ्यावी. यालाच कॅनन म्हणतात.

यांतील अडचण लक्षांत घ्यावी. दुसरा खंड पहिल्याशीं जुळला पाहिजे, तिसरा दुसऱ्याशीं, चौथा तिसऱ्याशीं. आणि ओळ तर गाण्यासारखी वाहती राहिली पाहिजे. आपल्या जुगलबंदींत एक बोलतो आणि दुसरा उत्तर देतो. येथें पहिल्याचें बोलणें चालू असतांनाच दुसरा त्याचेंच मागचें वाक्य बोलत असतो. म्हणून कान सवयीनें पुढें चाललेल्या बासरीमागें धांवूं देऊं नये. पहिल्या ऐकण्यांत दुसरी बासरी धरावी. तिचें वाक्य ओळखीचें असतें, नुकतेंच ऐकलेलें असतें. परंतु आतां त्याच्यावर नवा स्वर येऊन बसल्यामुळें त्याचा अर्थ पालटतो. मघां जो स्वर निवांत वाटला तो आतां टोचतो. समजा, एकीनें षड्ज धरून ठेवला आणि दुसरी येऊन ऋषभावर उभी राहिली. क्षणभर दोन्ही एकमेकींस खुपतात. मग पहिली खालच्या निषादावर उतरते आणि श्वास मोकळा होतो. या संगीतांतील सारी भावना अशा खुपण्या-सुटण्यांत आहे. संथ भागांत हें फार स्पष्ट ऐकूं येतें.

गमक आणखी एक आहे. दोन बासऱ्या वरच्या सप्तकांत अगदीं सुरेल लागल्या तर कधींकधीं तिसरा, खोल स्वर कानांत गुणगुणूं लागतो. एका स्वराचीं सेकंदास १००० आणि दुसऱ्याचीं ८०० कंपनें असलीं, तर हा तिसरा २०० कंपनांचा, म्हणजे खालच्या बासरीहून दोन सप्तकें खालचा असतो. इटालियन व्हायोलिनवादक तार्तिनी यानें १७५४ च्या आपल्या ग्रंथांत याचें विवेचन केलें आहे. तंबोऱ्यांतील स्वयंभू गंधाराची आठवण येणें साहजिक आहे. मात्र तो गंधार तारेंतच असतो, आणि हा खर्ज मुख्यतः ऐकणाऱ्याच्या कानांत उपजतो. ला बार यानें काढून टाकलेला पाया असा परत येतो! सूर तसूभर हलला कीं तोही हलतो, म्हणून वादकांची खरी परीक्षा येथेंच होते.

सेबास्टियन बाखचा थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याचीं सहा युगलें यांहून कठीण आहेत. त्यांत काटे अधिक, गोडी उशिरा. तीं मागाहून ऐकावीं. आरंभ टेलेमानच्या पहिल्या, जी मेजरमधील, सोनाटानें करावा. यंत्राला दोन ध्वनिवर्धक असतील तर ते दूर ठेवावेत, कारण बहुतेक ध्वनिमुद्रणांत एक बासरी डावीकडे आणि एक उजवीकडे असते. एकाच ध्वनिवर्धकांतून दोन्ही सारख्याच आवाजाच्या बासऱ्या बाहेर पडल्या म्हणजे त्यांची एकमेकींत गुंतवळ होते, आणि पाठलाग कोण करतें हें सांगतां येत नाहीं. आवाज बेताचा ठेवावा; हीं वाद्यें खोलीपुरतींच बोलतात.