धूम्रपानमुक्ती, निकोटिन पॅच आणि पादांशिक क्रम

तंबाखू ही वनस्पती चरक, सुश्रुत व वाग्भट यांना ज्ञात नव्हती. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या मार्गाने ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. संहितांमध्ये वर्णिलेले धूमपान हे सर्वस्वी वेगळे आहे. प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे त्याचे प्रकार, द्रव्ये व काल निश्चित आहेत. अकाली वा अतिमात्र धूमपानाने बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त असे उपद्रव होतात, हेही चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘आयुर्वेदातही धूमपान सांगितलेच आहे’ असे म्हणून विडीचे समर्थन करणाऱ्या रुग्णास काय उत्तर द्यावे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. विडी-सिगारेट सोडण्याचा निश्चय केलेला रुग्ण दंडावर निकोटिनची पट्टी, म्हणजेच पॅच, लावून आपल्याकडे येतो आणि विचारतो, “डॉक्टर, विडीतही निकोटिन आणि यातही निकोटिनच, मग हे ठेवू की काढून टाकू?” आपल्या उत्तरावर त्याचा निश्चय टिकणे वा मोडणे अवलंबून असू शकते. म्हणून या उपायाचे स्वरूप आयुर्वेदीय दृष्टीने तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

परीक्षेविना स्वीकार नको

इ.स. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग हा मुघल दरबारी विजापूरहून परतताना अकबर बादशहासाठी तंबाखू व चिलीम घेऊन गेला. त्या प्रसंगाचा वृत्तांत त्यानेच लिहून ठेवला आहे. आपल्या ग्रंथांत नसलेली आणि परीक्षा न झालेली ही वस्तू बादशहांनी घेऊ नये, असे मत दरबारी हकिमांनी दिले होते. तो सल्ला किती योग्य होता, हे पुढील चार शतकांनी दाखवून दिले.

निकोटिन पॅचही आपल्या ग्रंथांत नाही. परंतु हकिमांच्या सल्ल्याचा गाभा ‘ग्रंथात नाही’ यापेक्षा ‘परीक्षा झालेली नाही’ यात होता, असे आम्ही मानतो. पॅचची परीक्षा झालेली आहे, आणि ती कशी झाली हे जाणून घेण्यासारखे आहे.

तंबाखूच्या शेतात ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, वांती, चक्कर व अशक्तपणा येतो. पानांतील निकोटिन त्वचेवाटे शरीरात शिरल्याने हे घडते. या निरीक्षणावरून लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ मरे जार्विक व जेड रोझ यांना १९८० च्या दशकात कल्पना सुचली, की त्वचेवाटेच अल्प मात्रेत निकोटिन देऊन धूम्रपानाची तलफ शमवता येईल. इतरांवर प्रयोग करण्याची अनुमती मिळेना, तेव्हा त्यांनी प्रथम स्वतःच्याच त्वचेवर निकोटिन लावून पाहिले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पॅचला मान्यता दिली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिन-पर्यायी उपचाराचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला आणि २०२२ मध्ये तो भारताच्या राष्ट्रीय यादीतही झाला.

लेप, अभ्यंग, परिषेक यांतील द्रव्यांचे त्वचेत पचन व शोषण भ्राजक पित्तामुळे होते, हा सिद्धान्त आपल्या नित्य परिचयाचा आहे. त्यामुळे त्वचामार्गाने औषध देण्याची ही पद्धती आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही.

धूर वेगळा, निकोटिन वेगळे

सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात व त्यांतील सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. फुप्फुसांचा कर्करोग, जीर्ण श्वासरोग व हृद्रोग हे मुख्यतः धुरातील डांबर, कार्बन मोनॉक्साइड व तत्सम द्रव्यांमुळे होतात. निकोटिनचे मुख्य कार्य मनुष्यास जखडून ठेवण्याचे असते. ते सर्वथा निर्दोष नाही, मात्र रोग्यास मारणारा प्रामुख्याने धूरच असतो.

शिवाय मार्गभेदाने गुणभेद होतो. झुरका घेतल्यावर निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. पॅचमधून ते काही तासांत, संथपणे व एकसारखे रक्तात येते. झुरक्याचा तो झटका नसल्याने पॅचची लालसा सहसा उत्पन्न होत नाही. अर्थात म्हणूनच पॅचने विडीचे ‘समाधान’ही मिळत नाही. केवळ अस्वस्थता सुसह्य होते, हे रुग्णास आधीच सांगावे.

पादांशिक क्रमाची कसोटी

अहितकर वस्तूही दीर्घ अभ्यासाने ओकसात्म्य होते. तिचा सहसा त्याग केल्यास असात्म्यज विकार उद्भवतात. म्हणून ती चतुर्थांशाने अथवा त्याहूनही लहान अंशाने, मध्ये अंतर ठेवून, क्रमाक्रमाने सोडावी व तिच्या जागी हितकर वस्तूची योजना करावी, असा उपदेश चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात आहे. अष्टांगहृदयातही त्याचा अनुवाद आढळतो.

या उपदेशास अनुसरून अनेक वैद्य रुग्णास विड्यांची संख्या हळूहळू कमी करण्यास सांगतात. येथे एक अडचण येते. वीस विड्यांच्या दहा झाल्या, की मनुष्य नकळत प्रत्येक विडी अधिक खोल ओढतो व शेवटपर्यंत ओढतो. संख्या निम्मी होते, पण शरीरात जाणारे विष निम्मे होत नाही. शिवाय उरलेल्या विड्या अधिकच प्रिय होऊन बसतात.

पॅचचे वैशिष्ट्य असे, की तो या दोन गोष्टी विलग करतो. ठरलेल्या दिवशी धूर पूर्णतः बंद होतो व निकोटिन मात्र क्रमशः उतरत जाते. दिवसाला दहाहून अधिक सिगारेटी ओढणाऱ्यास सामान्यतः २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, १४ मिलिग्रॅमचा दोन आठवडे व ७ मिलिग्रॅमचा दोन आठवडे असा क्रम सांगतात. त्याहून कमी ओढणाऱ्याचा आरंभ १४ मिलिग्रॅमपासून होतो. हा पादांशिक क्रमच नव्हे काय? ज्या द्रव्याचे सात्म्य झाले आहे ते क्रमाने उतरवावे, आणि जो धूर केवळ त्याचे वाहन आहे तो तत्काळ टाकावा, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

अपेक्षा मात्र माफक ठेवावी. निकोटिन-पर्यायी उपचाराने यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. म्हणजे उपचाराविना शंभरांतील दहा जण सुटत असतील, तर उपचाराने पंधरा-सोळा सुटतील. पॅचच्या जोडीला गरजेपुरता निकोटिनचा च्युइंगगम वा गोळी दिल्यास यश आणखी वाढते. औषध व मात्रा आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावी. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, हृदयाच्या गतीत गंभीर अनियमितता असलेले, गर्भवती व अल्पवयीन यांच्याबाबत हे विशेषच लागू आहे.

वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

पॅच स्वच्छ, कोरड्या व केसरहित त्वचेवर, दंड, छाती वा पाठ येथे लावावा. रोज जागा बदलावी. तेल लावलेल्या त्वचेवर तो चिकटत नाही, म्हणून अभ्यंग सांगताना ती जागा वगळावी. उष्णतेने पॅचमधील निकोटिनचे शोषण वाढते. तेव्हा स्वेदनापूर्वी पॅच काढून ठेवावा, अन्यथा मळमळ, धडधड, चक्कर ही अतिमात्रेची लक्षणे दिसतील व दोष मात्र पंचकर्मास लागेल. रात्री झोप बिघडल्यास वा विचित्र स्वप्ने पडल्यास पॅच झोपताना काढता येतो. वापरलेल्या पॅचमध्येही निकोटिन शिल्लक असते. तो चिकट बाजू आत ठेवून दुमडावा व लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा.

दुसरी दक्षता अधिक महत्त्वाची. धुरातील घटकांमुळे यकृतात काही औषधांचे पचन वेगाने होत असते. धूर थांबला, की थिओफिलिन, क्लोझापिन, वॉर्फरिन यांसारख्या औषधांची रक्तातील पातळी वाढू शकते. पॅच चालू असला तरी हे घडते, कारण तो परिणाम निकोटिनचा नसून धुराचा होता. इन्शुलिनची गरजही बदलू शकते. अशा रुग्णास मूळ डॉक्टरांकडे मात्रा तपासून घेण्यास अवश्य पाठवावे. चहा-कॉफीबाबतही हाच न्याय आहे. तितक्याच कपांनी आता अधिक अस्वस्थता व अनिद्रा येते, म्हणून ते कप निम्मे करावेत.

जे पॅचला साधत नाही

पॅच शरीराची ओढ कमी करतो. सकाळच्या चहाबरोबरची विडी, जेवणानंतरची विडी, पाळी सुटल्यावर मित्रांच्या घोळक्यातील विडी, यांवर त्याची मात्रा चालत नाही. ‘तिच्या जागी हितकर वस्तूची योजना करावी’ हा जो उपदेशाचा उत्तरार्ध, तो येथे वैद्याच्या हाती राहतो. चिडचिड, अस्थिरता, भूक वाढणे, मलावरोध ही लक्षणे पहिल्या आठवड्यात तीव्र असतात व बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. या काळात मृदु अनुलोमन, रात्री पादाभ्यंग, नियमित चालणे, प्राणायाम व वेळच्या वेळी लघु आहार यांची प्रकृतीनुसार योजना करावी. तोंडात चघळण्यास बडीशेप, लवंग, वेलदोडा द्यावा. सुपारी मुळीच देऊ नये, कारण ती तंबाखूविनाही कर्करोगकारक ठरली आहे. ‘वनौषधींची सिगारेट’ हाही पर्याय नव्हे. तिच्या धुरातही डांबर व कार्बन मोनॉक्साइड असतात. एखाद्या दिवशी रुग्णाचा तोल गेला, तर पॅच फेकू नये, रागावू नये. दुसऱ्या दिवशी क्रम पुढे चालू ठेवावा.

महाराष्ट्रापुरती एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार येथील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर मळून, चघळून वा मशेरीच्या रूपाने बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. (काही जण दोन्ही घेतात.) पॅचची परीक्षा मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेली आहे. मात्रेचे कोष्टकही सिगारेटीच्या संख्येवर बेतलेले आहे. विडी ओढणाऱ्याची आसक्ती मोजण्यास केवळ संख्या पुरत नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागते काय, हे विचारावे. लागत असेल, तर बंधन घट्ट आहे असे समजावे.

सिगारेटच्या व तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आपल्या चिकित्सालयात ठळक लावावा, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे. आणि दंडावर पॅच लावून आलेल्या रुग्णास आपण निःशंक मनाने सांगावे : “ठेवा. कोष्टकाप्रमाणे उतरवत न्या, मध्येच सोडू नका. विडीची आठवण ज्या ज्या वेळी येते, त्या वेळा मला लिहून आणून द्या. त्यांचे काय करायचे ते आपण दोघे मिळून पाहू.”