लय पळते तेव्हा

पहाटे ५. मोझरीजवळच्या आमच्या गावात सामुदायिक ध्यान. वाद्य नाही, बोलणं नाही. ताल शिकवणाऱ्याला हे रोज मिळालेलं बरं.

७. पावसाळी हवेनं खंजिऱ्या बसल्यात. चुलीच्या आचेवर एकेक धरायची, बोटानं टिचकी मारून बघायची. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं. आता बकरीचं, नाहीतर फायबरचं. फायबरचा आवाज कोरडा, पण श्रावणात तोच इमानी.

११. शाळा. केरव्याच्या आठ मात्रा आधी तोंडानं : धागे नाती नक धिन. ज्यांना खंजिरी मिळाली नाही ते टाळ्या देतात, आणि खरं सांगायचं तर तेच आधी शिकतात. एकाची लय सुटते.

‘काहून पयतं बे? बाजूच्याचं आयक.’

‘आयकतो जी, पण हात पयते!’

१. भाकर, ठेचा, डुलकी.

४. अमरावती. कॉलेजची पोरं जेंबे घेऊन बसलेली. माली-गिनीकडचं हे वाद्य. एकाच लाकडाचा पोकळ घट, वर बकरीचं कातडं, दोऱ्यांनी ताणलेलं. तिकडे सगळे एकच ठेका वाजवत नाहीत. एकाची थाप दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत पडते, खालून डुनडुन हा ढोल वजन सांभाळतो. आपल्या भजनात सगळ्या खंजिऱ्या एकसाथ. म्हणून आज वर्गाचे दोन भाग केले : अर्धे केरव्यावर, अर्धे फक्त उलट्या टाळीवर. पहिला अर्धा तास नुसता गोंधळ. मग दोन्ही बाजू एकमेकींना ऐकू लागल्या. शिकवायचं ते एवढंच. बोटं मागाहून येतात.

६.३०. गावात प्रार्थना, मग भजन. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, पण त्याआधीपासून त्यांची खंजिरी गावोगाव फिरत होती. १९४२ मध्ये इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं, त्याला त्यांची भजनंही कारण होतीच. आज एक काका बसलेत. कपाशी गेल्यापासून घरात कुणाशी बोलत नाहीत. भजनानं कर्ज फिटत नाही, फिटेल असं मी त्यांना सांगतही नाही. टाळ हातात दिले. दुसऱ्या कडव्याला ते शेजाऱ्यावर खेकसले, ‘हळू घे ना जी!’

८.३०. महिला मंडळाचा स्पर्धेचा सराव. त्यांना वेग हवा. परीक्षक वेगालाच भुलतात म्हणे. खोटं नाही ते. तरी मी लय ओढून धरली.

‘गुरुजी, तुमच्यानं नंबर जाईन आमचा!’

आमचं भांडण साडेनऊपर्यंत चाललं.