जखमेचा वाफसा

कबनुरात माग आणि ऊस शेजारीशेजारी नांदतात, त्यामुळं जखमांचा इथं कधी तुटवडा पडला नाही. कुणाला मागावरनं उडालेला धोटा लागतो, कुणाच्या नडगीवर कोयता निसटतो, आणि काहीच नाही तर उसाचा पाला तरी हातापायांवर चरे ओढून ठेवतोच. जखम झाली की सल्ला द्यायला अख्खी आळी हजर. एकजण हळद दाब म्हणतो, दुसरा दगडीपाला चुरगळून आणतो, तिसऱ्याला चुन्याशिवाय काही सुचत नाही, आणि एवढी हुज्जत घालून झाल्यावर सगळ्यांचं एकमत मात्र एकाच गोष्टीवर होतं: "उघडी ठेव, वारं लागू दे, वाळली की बरी होती बघ."

आमच्याकडं एक जॉबर होता, बिघाड कुठं आहे ते मागाच्या नुसत्या आवाजावरनं सांगणारा गडी. त्याच्या पोटरीला एकदा चांगलीच जखम झाली. हा रोज सकाळी तिच्यावर कोरडी चिंधी आवळायचा आणि संध्याकाळी ती चिकटलेली चिंधी दातओठ खाऊन ओढायचा. चिंधीबरोबर खपली यायची, खपलीबरोबर दिवसभरात धरलेलं कोवळं कातडं यायचं, आणि रक्त पुन्हा चालू. म्हातारी म्हणायची, नजर लागली माझ्या पोराला. नजर कसली, त्या चिंधीचाच सगळा प्रताप!

आता आत काय चालतं ती गंमत ऐका. कातडं फाटलं की जखमेच्या काठावरच्या पेशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या, इतके दिवस एका जागी चिकटून बसलेल्या, जागा सोडतात आणि चक्क सरपटत निघतात, समोरच्या काठाच्या दिशेनं. ओल असली तर त्या वरच्यावर सरकत जातात. पण जखम वाळली की वर टणक खपली धरते आणि कोरड्यातनं काही त्यांना चालता येत नाही, मग बिचाऱ्या खपलीच्या खाली, ओल लागेल तिथवर उतरतात आणि आपल्याच अंगातला रस सोडून वाट विरघळवत पुढं जातात. पोचतात, पण वळसा घालून.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते जॉर्ज विंटर नावाच्या इंग्रज संशोधकानं. डुकराच्या पाठीवर त्यानं उथळ जखमा केल्या, काही उघड्या सोडल्या, काहींवर साध्या पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर नवं कातडं जवळजवळ दुप्पट वेगानं आलं. हे छापून आलं 1962 साली, आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या कातड्यावरही तसंच दिसलं. म्हणजे आळीचं ते एकमत तेव्हाच मोडीत निघालं होतं, फक्त कबनूरपर्यंत बातमी यायला उशीर झाला.

पण म्हणून जखम भिजत घालायची नसते हं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. भुईत पाणी तुंबलं तर मुळं कुजतात, पार वाळली तर कोंब फुटत नाही, पेरायचं ते वाफशावर. जखमेलाही तसाच वाफसा लागतो. लस फार साचली तर भोवतालचं चांगलं कातडं पांढरं पडून फुगतं, सुटतं. पावसाळ्यात चिखलात भांगलणाऱ्या बायकांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात त्या अशाच. म्हणून दवाखान्यातली पट्टी जास्तीची लस टिपून घेते आणि ओल मात्र राखते.

या कामात आपली मुंबईही मागं नाही. भाजलेल्या जखमेवर काय लावावं, स्वस्त आणि न चिकटणारं, म्हणून वाडिया रुग्णालयातल्या डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याची साल वापरून बघितली आणि 1985 साली त्यावर लिहिलं. साल ओल उडू देत नाही. पुढं शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. ज्या पानावर आपण पंगतीला भात-आमटी ओरपतो, तेच! त्याच्या मेणचट अंगामुळं ते जखमेला धरत नाही, काढताना रोगी ओरडत नाही, आणि सालीपेक्षाही स्वस्त पडतं. त्यांचे लेख 2003 सालचे. मला तर त्या विलायती पॉलिथिनपेक्षा ह्या पानाचंच जास्त कौतुक वाटतं.

मात्र परड्यातलं पान तोडून थेट जखमेला गुंडाळू नका. दवाखान्यात ते वाफेवर निर्जंतुक करून घेतात. घरी किरकोळ खरचटलं तर स्वच्छ पाण्यानं धुवा, न चिकटणारी पट्टी लावा, आणि जुनी चिकटलीच असेल तर भिजवून सोडवा, ओढू नका. पातळ पिवळसर लस दिसली तर घाबरू नका. दाट, वास मारणारा पू आला, लाली पसरायला लागली, जखम खोल असली किंवा साखरेच्या माणसाच्या पायाला झाली असली, तर आळीचं ऐकत बसू नका, सरळ डॉक्टरांकडं जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.