१.१५ म्हणजे किती?

गेल्या वर्षी मृगाच्या पावसानंतर दौलताबादमधल्या माझ्या एका शेजाऱ्यांनी सीताफळाची बाग लावायला घेतली. मजूर खड्डे खणत होते, तोवर रोपे आणून ठेवावीत असा त्यांचा बेत. मी तयार केलेल्या एआय मदतनिसाला त्यांनी मोबाइलवर विचारले, "१.१५ ला चार बाय चार मीटरवर किती रोपं?" उत्तर आले, २९०. टेम्पो करून त्यांनी तेवढी रोपे आणली. लावणी संपली तेव्हा पन्नासहून अधिक खड्डे रिकामे होते आणि रोपवाटिकेत त्या जातीचे एकही रोप उरले नव्हते. "भाऊ, तुमच्या मशीनला गुंठे कळत नाहीत का?" त्यांनी विचारले. रागावले नाहीत, पण त्या खड्ड्यांचे एक वर्ष वाया गेलेच.

आपल्याकडे शेतकरी १.१५ म्हणतो तेव्हा त्याला १ एकर १५ गुंठे म्हणायचे असते. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकूण ५५ गुंठे. चार बाय चारवर ३४७ रोपे. यंत्राने ते सरळ दशांश धरले: ४६ गुंठे, २९० रोपे. हाच आकडा सातबाऱ्यावर असता तर अर्थ झाला असता १ हेक्टर १५ आर, आणि रोपे ७१८. आकडा एक, जमिनी तीन.

चूक कुणाची, हे शोधायला मी नोंदी उघडल्या. गुणाकार-भागाकार बिनचूक होते. चूक माझ्या एका वाक्यात होती.

ते कसे, हे सांगण्यापूर्वी एआय एजंट काम कसे करतो ते पाहू. भाषेचे मॉडेल स्वतः फक्त मजकूर लिहिते. हिशेब करणे, हवामानाची नोंद काढणे, मागणी नोंदवणे ही कामे वेगवेगळे छोटे प्रोग्रॅम करतात. त्यांना 'टूल' म्हणतात. जून २०२३ मध्ये ओपनएआयने ही सोय 'फंक्शन कॉलिंग' या नावाने आपल्या मॉडेलांना जोडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा टूल जोडण्याचा खुला करार जाहीर केला. पद्धत कोणतीही असो, टूलच्या आत काय लिहिले आहे ते मॉडेलला सहसा दिसत नाही. त्याला दिसते टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याची यादी. तेवढे वाचून ते टूल निवडते आणि माहिती भरून पाठवते.

माझ्या टूलचे नाव होते 'मोजणी'. वर्णन: 'शेतीचा हिशेब करते.' माहितीच्या रकान्यात एकच शब्द: 'क्षेत्र'. एकर की हेक्टर, दशांश की गुंठे, काहीच नाही. प्रोग्रॅम मीच लिहिलेला असल्यामुळे मला ते सांगण्याची गरजच वाटली नव्हती.

मी ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहतो, तो यादवांचा देवगिरी. महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळात हेमाद्री इथे श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखनव्यवहाराचा प्रमुख होता. कुणाला पत्र कसे लिहावे याचे नमुने देणारी 'मेस्तके' परंपरेने त्याच्या नावावर आहेत. असे नमुने का लागतात, हे मला त्या रिकाम्या खड्ड्यांनी शिकवले. पत्र वाचणारा दूर असतो. लिहिणाऱ्याच्या मनातले त्याला दिसत नाही. मॉडेलही तसेच दूरचे वाचक. फरक एवढाच, की ते उलट विचारू शकते; पण 'विचार' असे आपण लिहून ठेवलेले बरे. नाहीतर पुष्कळदा ते अंदाज करून मोकळे होते.

मग मी वर्णन नव्याने लिहिले. नाव: 'रोपसंख्या_काढा'. वर्णन: 'शेताचे क्षेत्र आणि लागवडीचे अंतर यांवरून फळझाडांच्या रोपांची संख्या काढते. फक्त चौरस पद्धतीच्या लागवडीसाठी. खत, पाणी किंवा किमतीच्या हिशेबासाठी वापरू नये. नांग्या भरायला लागणारी जादा रोपे यात धरलेली नाहीत.' 'क्षेत्र' हा रकाना काढून दोन केले: 'एकर', पूर्ण संख्या, 'गुंठे', ० ते ३९. पुढे सूचना: 'शेतकऱ्याने १.१५ असा आकडा दिल्यास तो एकर-गुंठे आहे की सातबाऱ्यावरचा हेक्टर-आर, हे त्याला विचारावे. अंदाज करू नये.'

केवळ शब्दांवर भिस्त ठेवली नाही. गुंठ्यांच्या रकान्यात ३९ च्या वरचा आकडा आला तर प्रोग्रॅम तो नाकारतो आणि का नाकारला ते साध्या वाक्यात परत सांगतो. ते वाक्य वाचून मॉडेल आपली चूक सुधारू शकते. नुसते 'त्रुटी' असे परत आले, तर तेच पुन्हा पाठवत बसते.

दुसरा घोळ नावांचा होता. 'पाऊस' आणि 'पाऊस_माहिती' अशी माझी दोन टूल होती. एक झालेल्या पावसाची नोंद देणारे, दुसरे अंदाज देणारे. मॉडेल कधी हे उचले, कधी ते. 'झालेला_पाऊस' आणि 'पावसाचा_अंदाज' अशी नावे दिली, प्रत्येकाच्या वर्णनात दुसऱ्याचा उल्लेख केला, आणि गोंधळ जवळजवळ थांबला. मात्र वर्णन लांबवण्यालाही मर्यादा आहे. साधारणपणे प्रत्येक प्रश्नासोबत सगळ्या टूलची वर्णने मॉडेलला वाचावी लागतात. पाल्हाळात कामाची सूचना हरवते.

आता नवे टूल जोडण्यापूर्वी मी गावातल्या लोकांनी खरोखर विचारलेले वीसेक प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, चालवून पाहतो. चुकीचे टूल निवडले गेले, तर आधी वर्णन तपासतो.

नवे वर्णन मी त्या शेजाऱ्यांनाही वाचून दाखवले. त्यांनी लगेच विचारले, "विहीर आन् बांध वजा केला का?" केला नव्हता. तेही वाक्य घातले. यंदा मदतनिसाने त्यांना आधी विचारले, "एकर-गुंठे की हेक्टर-आर?" मग त्यांनी नांग्या भरून घेतल्या. रोपे मात्र खड्डे मोजूनच आणली.